घरच्या घरी ब्रिज आणि सॅडल लावताना

माझ्याकडे स्ट्रॅटोकॅस्टर धाटणीची एक इलेक्ट्रिक गिटार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी तिच्या ९-४२ मापाच्या तारा काढून १०-४६ मापाच्या तारा लावल्या. हे आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी सांगतात, तीही इंचाच्या हजाराव्या भागांत, त्यामुळे कागदावर फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात सहाही तारा नेहमीच्या सुरात लावल्या की पहिल्या संचाचा एकत्रित ताण साधारण ३८ किलो भरतो आणि दुसऱ्याचा ४६ किलोच्या पुढे जातो. हा वाढीव ताण गिटारच्या मानेवर येतो आणि तारांची खालची टोके ज्यावर बसतात त्या ब्रिजवरही येतो. मला जाड तारांचा भरीव आवाज हवा होता आणि तो मिळालाही. मात्र जून उजाडेपर्यंत ब्रिजची मागची कड लाकडापासून सुमारे ५ मिलिमीटर वर आली होती, बोटांना तारा उंच लागू लागल्या होत्या आणि मोकळ्या तारा अचूक लावूनही सातव्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी सातवीच्या, पुढचे कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) बेसूर वाजत होते. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात आमच्या छोट्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम ठरला होता आणि गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, म्हणजे हाताशी दोन महिने होते.

शनिवार, २९ जून रोजी मी गिटार घेऊन पुण्यातल्या एका दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे गेले. संपूर्ण सेटअपचे, म्हणजे मान, ब्रिज आणि तारा जुळवून देण्याचे, १,८०० रुपये, तारांचा खर्च वेगळा आणि क्रमांक ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, असे त्यांनी वहीत पाहून सांगितले. पावसाळ्यात सगळ्यांच्याच गिटारी बिघडतात, त्यामुळे या प्रतीक्षेत वावगे काही नव्हते. फक्त काम लांबले असते, तर कार्यक्रमाआधी सरावाला वेळ उरला नसता. त्यांनी गिटार हातात घेऊन मानेवरून नजर टाकली आणि म्हणाले, "मॅडम, मान तेवढी मी आत्ता सरळ करून देतो, तीनशे रुपये होतील. ब्रिजचं तुम्ही घरी करू शकता. त्यात कापायचं, घासायचं काही नसतं. फिरवलेला स्क्रू परत उलटा फिरवता येतो." त्यांनी ट्रस रॉडला, म्हणजे मानेच्या आत बसवलेल्या लोखंडी सळईला, पाव फेऱ्याहून थोडा अधिक पीळ दिला आणि मानेला बसायला दोन-तीन दिवस द्या, तोवर ब्रिजला हात लावू नका, असे बजावले. ही सूचना फार महत्त्वाची आहे, कारण मानेचा बाक बदलला की तारांची उंची बदलते आणि उंची बदलली की सुरही बदलतात. आधी मान, मग ब्रिजची पट्टी, मग सॅडलची उंची आणि सर्वांत शेवटी सॅडलची लांबी हा क्रम मोडला, तर केलेले काम पुन्हा करावे लागते.

ज्यांना हे भाग परिचित नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते. ब्रिजवर तार ज्या छोट्या भागावर टेकते तो भाग म्हणजे सॅडल. फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर या जुन्या गिटारवर सहा तारांसाठी तीनच सॅडल होती, म्हणजे दोन तारांमागे एक. त्यामुळे एक तार सुरात आणली की जोडीच्या तारेबाबत तडजोड करावी लागत असे. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकॅस्टरवर प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल मिळाले. अशा सॅडलला वरून दोन बारीक स्क्रू असतात, त्यांनी उंची ठरते. मागून एक लांब स्क्रू स्प्रिंगमधून येतो आणि तो फिरवला की सॅडल पुढे-मागे सरकते. सहाही सॅडल ज्या पट्टीवर बसतात ती पट्टी माझ्या गिटारमध्ये पुढच्या बाजूने सहा स्क्रूंवर टेकलेली आहे आणि तिच्या खाली, गिटारच्या पाठीतल्या पोकळीत, तारांच्या ओढीला तोलून धरणाऱ्या स्प्रिंगा आहेत.

अवजारांची खरेदी लगेच झाली नाही. रविवारी आणि सोमवारी दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या आणि नाना पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. पालख्या पुढे गेल्यावर मी तिथल्या दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन फीलर गेज मागितले. "ताई, टॅपेटसाठी पाहिजे का?" असे दुकानदाराने विचारले. गिटारसाठी, म्हटल्यावर त्याने काही न बोलता २२० रुपयांचे पाते-संच पुढे ठेवले. इंजिनातल्या टॅपेटची फट मोजणारी हीच पाती मानेचा बाक मोजायला उत्तम चालतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची आणि आठव्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली किती जाडीचे पाते अलगद सरकते ते पाहायचे. माझ्या गिटारच्या फ्रेटबोर्डची गोलाई साडेनऊ इंच त्रिज्येची आहे आणि अशा मानेसाठी फेंडर सुमारे ०.२५ मिलिमीटर फट सुचवते. कारागिराच्या हातून मान नेमकी तिथेच आली होती. बोहरी आळीतून अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी ६० रुपयांना आणि अ‍ॅलन कीचा लहान संच १८० रुपयांना घेतला. संचात १.५ मिलिमीटरची की आहे याची खात्री करून घ्या, कारण आशियात बनलेल्या बहुतेक गिटारींच्या सॅडलला तीच लागते. अमेरिकी बनावटीच्या गिटारींना ०.०५० इंचाची की लागते. दोन्हींत फरक केसाएवढा असला, तरी चुकीची की स्क्रूच्या आतले कोपरे झिजवते.

प्रत्यक्ष काम सुरू केले ते १७ जुलैला, आषाढी एकादशीच्या सुट्टीत. काही सैल करण्यापूर्वी ब्रिजची वरून आणि दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घेतली आणि वहीत प्रत्येक तारेसमोर सतराव्या फ्रेटवरची उंची, बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि सॅडलचे मागच्या कडेपासूनचे अंतर लिहिले. या नोंदींना अर्धा तास गेला, पण मनातली भीती बऱ्यापैकी त्यामुळेच गेली. परतीचा रस्ता लिहून ठेवलेला असला की स्क्रू फिरवताना हात थरथरत नाही.

पहिला अडथळा गंजाचा होता. तळहाताचा घाम आणि दमट हवा यांमुळे बारीक तारांकडच्या सॅडलचे उंचीचे स्क्रू जाम झाले होते. पिकअपवर, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकी भागांवर, मास्किंग टेप चिकटवून मी दातकोरणीच्या टोकाने प्रत्येक स्क्रूच्या बुडाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकेक थेंब सोडला आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी बहुतेक स्क्रू हलले. जे हलले नाहीत त्यांच्या माथ्यावर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक काही सेकंद टेकवले, तेव्हा धातू प्रसरण पावून त्यांची पकड सुटली. पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक, तारेच्या एका स्क्रूचे कोपरे मात्र आधीच गोल झालेले होते. तो कसाबसा बाहेर काढला आणि सहाही सॅडलचे नवे एम ३ मापाचे स्क्रू ऑनलाइन मागवले. टपालखर्चासह त्यांचे ३३० रुपये झाले. त्याच पार्सलमध्ये ब्रिजच्या दोन जादा स्प्रिंगा १५० रुपयांना घेतल्या. पार्सल येईपर्यंत काम थांबले आणि आठवडाभर गिटार टेबलावर उघडीच राहिली.

त्या काळात ब्रिज तरंगता, म्हणजे मागून उचललेला, ठेवायचा की लाकडावर टेकवायचा, हे ठरवले. फेंडरच्या मार्गदर्शनाप्रमाणे सहा स्क्रूंच्या ब्रिजची मागची कड लाकडापासून सुमारे ३.२ मिलिमीटर वर असावी. तसे ठेवले की ब्रिजला जोडलेली दांडी दाबून सूर उतरवता येतो आणि ओढून थोडा चढवताही येतो. त्याची किंमत अशी की तारा आणि स्प्रिंगा सतत एकमेकींना तोलत असतात. एक तार खेचून वाजवली की बाकीच्या किंचित उतरतात आणि एखादी तार तुटली तर उरलेल्या पाचही एकदम चढतात. मंडपात माझ्याकडे दुसरी गिटार नसणार होती आणि दांडी वर ओढून वाजवायची सवय मला नाही, म्हणून मी ब्रिज लाकडावर पूर्ण टेकवायचे ठरवले. जे वादक वर ओढण्याचा वापर करतात त्यांनी हे करू नये.

त्यासाठी पाठीमागचे झाकण काढले, तीनऐवजी पाच स्प्रिंगा लावल्या आणि त्या ज्या पंजाला अडकतात त्याचे दोन लांब स्क्रू आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा घट्ट करत नेले. दर वेळी तारा चढतात, म्हणून त्या आधी सैल करायच्या, मग स्क्रू फिरवायचा आणि पुन्हा सुरात लावून पट्टी कुठे आली ते पाहायचे. घाई केली तर पहिली तार तुटते. पट्टी टेकल्यावर तिसरी तार पूर्ण एका स्वराने खेचून पाहिली आणि मागची कड उचलत नाही याची खात्री होईपर्यंत पंजा आणखी थोडा आवळला.

पट्टी खाली बसल्यामुळे सॅडलही खाली आली आणि सगळ्या तारा फ्रेटवर खडखडू लागल्या. हे अपेक्षितच होते. इथून उंचीचे काम सुरू होते आणि त्यात थोडे गणित उपयोगी पडते. या गिटारवर तारेची वाजती लांबी ६४८ मिलिमीटर असते आणि नटपासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाशी तारा ज्याच्या खाचांतून जातात त्या तुकड्यापासून, सतरावे फ्रेट सुमारे ४०५ मिलिमीटरवर येते. त्यामुळे सॅडल १ मिलिमीटर उचलले तर सतराव्या फ्रेटवर तार ०.६ मिलिमीटरच वर येते. एम ३ स्क्रूचा एक फेरा अर्धा मिलिमीटर असतो, म्हणजे एका फेऱ्याला तिथे साधारण ०.३ मिलिमीटर. हे कळल्यावर अंदाजाने स्क्रू फिरवणे थांबले. फेंडर अशा मानेसाठी दोन्ही बाजूंना १.६ मिलिमीटर सुचवते. मी जोर लावून वाजवते, त्यामुळे जाड तार त्या उंचीवर खडखडत राहिली. शेवटी सहावी १.९ आणि पहिली १.६ मिलिमीटरवर ठेवली.

मधल्या चार तारांसाठी पोलादी पट्टीवर मोजलेल्या उंचीपेक्षा गोलाई महत्त्वाची असते. साडेनऊ इंच म्हणजे २४१ मिलिमीटर. तेवढ्या दोऱ्याला पेन्सिल बांधून मी जाड पुठ्ठ्यावर कंस काढला, तो कापला आणि ब्रिजजवळ तारांखाली उभा धरला. ज्या तारा पुठ्ठ्याला टेकत नव्हत्या त्यांची सॅडल उतरवली आणि ज्या उचलल्या जात होत्या त्यांची चढवली. सॅडलचे दोन्ही स्क्रू सारखेच फिरवावेत, नाहीतर सॅडल एका अंगाला कलते आणि तार कडेला सरकू पाहते. सॅडल वर उचलताना तार आधी सैल करावी, म्हणजे की आणि स्क्रू दोघांचेही आयुष्य वाढते. एक गोष्ट ऐकून ठरवावी लागते: तार मोकळ्या कानाने थोडी खडखडली, पण अ‍ॅम्प्लिफायरमधून तसा आवाज येत नसेल, तर ती उंची इलेक्ट्रिक गिटारला चालते.

चौथी तार मात्र उंची कितीही वाढवली तरी मोकळी वाजवताना झणझणत होती आणि कुठल्याही फ्रेटवर दाबली तरी झणझणत होती. तो आवाज मला ओळखीचा वाटला, कारण माझ्या आत्याकडे मिरजेचा तानपुरा आहे. तानपुऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग रुंद आणि अगदी थोडा उताराचा ठेवून, तार त्यावर निसटती टेकेल अशी जवारी मुद्दाम काढली जाते. गिटारच्या सॅडलवर तार एकाच ठिकाणाहून स्वच्छ सुटायला हवी. तिथे खाच किंवा धातूची खरखरीत कड उरली असेल, तर नको असलेली जवारी निघते. भिंगातून पाहिले तेव्हा सॅडलच्या माथ्यावर जुन्या बारीक तारेने पाडलेली अरुंद खाच दिसली आणि जाड तार तिच्यात नीट बसत नव्हती. जुन्या जाड तारेचा तुकडा त्या खाचेत काही वेळ मागेपुढे ओढला, वर हजार नंबरचा पॉलिश पेपर फिरवला आणि झणझण गेली. ही कृती परत फिरवता येणारी नव्हती, म्हणून ती थोडी थोडी करत, दर वेळी तार लावून ऐकत पुढे गेले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इंटोनेशनकडे, म्हणजे दाबलेल्या तारेचा सूर अचूक येतो की नाही याकडे, वळले. तार दाबली की ती ताणली जाते आणि ताणलेली तार गणितात बसणाऱ्या सुरापेक्षा चढते. जाड तारेचा गाभा ताठ असल्याने ती अधिक चढते. ही भर भरून काढण्यासाठी सॅडल मागे नेऊन तारेची लांबी किंचित वाढवावी लागते आणि प्रत्येक तारेला ती वेगवेगळी लागते. तपासणी सोपी आहे. बाराव्या फ्रेटवर बोट नुसते टेकवून हार्मोनिक वाजवायचा, मग तिथेच तार दाबून वाजवायची आणि दोन्ही सूर ट्यूनरवर पाहायचे. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर मानेच्या दिशेने पुढे. गिटार टेबलावर आडवी न ठेवता वाजवताना धरतो तशीच धरावी, कारण आडवी ठेवल्यावर मानेवरचा भार बदलतो. दाब नेहमीचाच द्यावा. तपासताना आपण नकळत फार हळू दाबतो आणि मग कार्यक्रमात सूर चढतात.

माझी सहावी तार ९ सेंट चढी होती. अर्धस्वराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे सेंट. या लांबीच्या गिटारवर सॅडल १ मिलिमीटर मागे नेले की दोन सुरांतला फरक अडीच सेंटहून थोडा जास्त बदलतो, म्हणजे मला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास मागे जायचे होते. तार सैल करून मागून स्क्रू फिरवत गेले, पण शेवटी स्प्रिंग पूर्ण दबली आणि सॅडल आणखी मागे जाईना. तेव्हा त्या एका सॅडलची स्प्रिंग काढून पक्कडीने तिची दोन वेटोळी कापली. जाड तारेसाठी हा उपाय सर्रास केला जातो.

ही जुळणी आधी जुन्या तारांवर ढोबळ करून घेतली आणि मगच ६५० रुपयांचा नवा संच लावला. याचे कारण असे की सॅडल मागे नेले की तारेचा जुना वाकलेला भाग वाजत्या लांबीत येतो आणि सूर भरकटवतो. नव्या तारा हाताने ओढून, पुन्हा पुन्हा लावून स्थिर केल्या आणि रात्रभर राहू दिल्या. दुसऱ्या दिवशी बारीक फरक जुळवले. शेवटी सॅडलची रांग अशी दिसली: सहावी सर्वांत मागे, पाचवी आणि चौथी क्रमाने पुढे, तिसरी पुन्हा थोडी मागे आणि तिथून दुसरी व पहिली पुढे. तिसरी तार साधी, न गुंडाळलेली असूनही जाड असते, म्हणून रांग तिथे मोडते. तुमच्या गिटारवर अशी दोन टप्प्यांची उतरंड दिसली नाही, तर आकडे पुन्हा तपासून पाहा.

एवढे करूनही कॉर्ड आत्याच्या कानाला पटेनात. रक्षाबंधनाला ती आली तेव्हा मी मेजर कॉर्ड वाजवून दाखवला आणि ती म्हणाली, "तुझा गंधार चढा लागतोय गं." तिचे बरोबरच होते. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, तर गिटारच्या फ्रेटनी तो ४०० वर बांधलेला असतो. पेटीतही तो जवळपास तिथेच असतो. हा चौदा सेंटांचा फरक फ्रेटच्या रचनेतला आहे आणि कोणतेही सॅडल तो काढू शकत नाही. ज्यांचे कान रागसंगीतावर घडले आहेत त्यांनी ट्यूनरवर बारावे फ्रेट जुळले की थांबावे. गंधार गोड करण्याच्या नादात सॅडल हलवले, तर बाकीचे सूर हातचे जातात. तसेच फक्त पहिल्या तीन फ्रेटवरचेच सूर चढे असतील, तर दोष बहुधा नटच्या खाचांच्या उंचीचा असतो. तिथे कानस लागते आणि ते काम कारागिराकडेच द्यावे.

तारांची उंची बदलल्याने पिकअपचे अंतरही पुन्हा मोजले. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सहाव्या तारेखाली २ मिलिमीटर आणि पहिल्या तारेखाली १.६ मिलिमीटर ठेवले. पिकअप फार वर असतील तर त्यांचे चुंबक तारेला ओढतात, सूर लहरू लागतो आणि इंटोनेशनचे आकडे खोटे येतात.

एकूण खर्च १,८९० रुपये झाला. कारागिराकडे तारांसह २,४५० लागले असते. फरक थोडा आहे आणि माझा गेलेला वेळ त्यात धरलेला नाही, त्यामुळे केवळ पैसे वाचवण्यासाठी यात पडण्यात अर्थ नाही. अवजारे मात्र आता घरात आहेत आणि पुढच्या वेळी खर्च तारांपुरताच राहील. कार्यक्रमात गिटार सुरात राहिली, दोन गाण्यांच्या मध्ये एखादी तार किंचित लावून घ्यावी लागली एवढेच.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर वही काढून सगळे आकडे पुन्हा मोजले. मानेची फट ०.२५ वरून ०.२० वर आली होती आणि पहिली तार वरच्या फ्रेटवर खेचताना मध्येच गुदमरत होती. मान कारागिराने सांगितलेल्या मर्यादेत असल्याने तिला हात लावला नाही. पहिल्या तारेच्या सॅडलचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा वर घेतले, बारावे फ्रेट तपासले आणि नवे आकडे जुन्यांच्या शेजारी तारखेसह लिहिले. तिसरी तार अजूनही बाराव्या फ्रेटवर दोन सेंट चढी आहे. ती मी तशीच ठेवली आहे, कारण माझ्या बोटांचा दाब दर वेळी त्याहून जास्त बदलतो.